पुस्तकबांधणीचं चित्रण: कॅमेरा आणि एडिटिंगचं साधन निवडतानाच्या नोंदी

४ जून

काम पक्कं झालं. बाइंडर काका हाताने पुस्तक बांधतात ती सगळी रीत टिपून ठेवायची, फर्म्यांच्या (घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांच्या) घड्यांपासून पुठ्ठा चढवण्यापर्यंत. बारा बैठका, एकेक साधारण तीन तासांची. आम्ही तिघं आहोत: कॅमेऱ्यामागे मी, आवाजाला मित्र, संकलनाला मैत्रीण. शेवटी हाती दोन गोष्टी हव्यात. एक तासाभराची फिल्म, आणि शिकणाऱ्यांसाठी एकेका कृतीच्या छोट्या चित्रफिती, मराठी शीर्षकांसह.

आज घरात काय आहे: एक फोन, मैत्रिणीचा जुना विंडोज लॅपटॉप, मित्राचा लिनक्सवाला लॅपटॉप, आणि एक ट्रायपॉड, ज्याचं डोकं फिरवताना मध्येच अडखळतं. बाकी सगळं ठरवायचंय.

दोन तक्ते केले. एकात कॅमेरे, दुसऱ्यात एडिटिंगची साधनं, प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. तक्ते करताना फार मजा आली. तिथेच शंका यायला हवी होती.

६ जून

कॅमेरे तीनच धरले. पहिला कॅमकॉर्डर: एक इंची सेन्सर (चित्र टिपणारी चिप), लेन्स अंगचीच, मायक्रोफोनसाठी दोन एक्सएलआर जोडण्या. दुसरा मिररलेस (लेन्स बदलता येणारा फोटो कॅमेरा): एपीएस-सी मापाचा सेन्सर, १०-बिट रेकॉर्डिंग, म्हणजे रंगाच्या जास्त पायऱ्या. तिसरा हातातला फोन. पहिले दोन चाचणीपुरते भाड्याने आणलेत. मुद्दाम मॉडेलची नावं लिहीत नाही. दोन वर्षांनी ती बदललेली असतील, प्रश्न तेच राहतील.

'एक इंची' हे प्रकरण गमतीचं आहे. त्या सेन्सरची कुठलीच बाजू इंचभर नाही. माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, कर्ण सोळाच्या आतबाहेर. इंच आला तो जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीवरून. नळीचा बाहेरचा व्यास इंचभर असायचा, चित्र मात्र आतल्या लहानशा भागावर पडायचं. नळ्या गेल्या, माप मागे राहिलं. एपीएस-सी असतो साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून मोठा.

तक्त्यात 'चित्र' या रकान्यात मिररलेसला ९, कॅमकॉर्डरला ६, फोनला ५. हे गुण मी चाचणीआधीच देऊन टाकले, हे इथे लिहून ठेवते.

९ जून

काकांकडे पहिली चाचणी. जुजबंदी शिलाई (एकेक फर्मा दोऱ्याने शिवणं) चालू होती. टेबल खिडकीशी, वर एक ट्यूबलाइट. तिन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावले.

पहिल्या दहा मिनिटांत मिररलेसने मन जिंकलं. काकांच्या बोटांवरची वाळलेली खळ, दोऱ्याचा पीळ, कागदाच्या कडेची लव, सगळं दिसत होतं आणि मागची भिंत मऊ होऊन विरघळलेली. मी एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून होते. मग काकांनी दाभणाने पाडलेल्या भोकात सुई घातली आणि घोटाळा लक्षात आला: सुईचं टोक स्वच्छ, पण ज्या भोकात ती जायची ते धूसर. आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच बघायचंय, की सुई घडीच्या आतून कुठे शिरते आणि मागच्या टाक्यात कशी अडकवतात.

छिद्र बारीक करत करत एफ/८ वर गेले तेव्हा सुई आणि भोक दोन्ही धड दिसायला लागलं. पण आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) इतका चढवावा लागला की सावल्यांत मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, आले. बाजूच्या कॅमकॉर्डरवर एफ/४ ला जवळपास तेवढीच डेप्थ (एकाच वेळी स्पष्ट दिसणारी खोली) मिळत होती आणि मुंग्याही साधारण तेवढ्याच होत्या. मोठ्या सेन्सरचं मोल आहेच, पण ते छिद्र मोठं ठेवलं तर. आम्हाला ते मोठं ठेवताच येत नाही. म्हणजे माझे ९ गुण दुसऱ्याच कुठल्या तरी फिल्मसाठी होते.

दुसरी गोष्ट ऑटोफोकसची. मिररलेसचा चेहरा ओळखणारा फोकस खरोखर चपळ आहे, आणि तोच आडवा आला. काका दोरा दातांनी तोडायला खाली वाकले. त्यांचा चेहरा फ्रेममध्ये शिरताच कॅमेऱ्याने हात सोडून चेहरा धरला, आणि काका परत ताठ झाल्यावरसुद्धा हातांवर यायला सेकंदभर घेतला. तेवढ्यात गाठ मारून झाली होती. चेहरा ओळखणं बंद केलं, फोकस हाताने लावला, तेव्हा कुठे ठीक झालं.

काकांना म्हटलं, "काका, ती गाठ जरा परत माराल का?" ते म्हणाले, "मारलेली गाठ सोडायची म्हणजे दोरा वाया. पुढच्या फर्म्याला बघ." बरोबरच आहे. या कामात रीटेक नाही. हा रकाना तक्त्यात नव्हता.

१० जून

फोनच्या चित्रात वरून खाली सरकणारे फिकट पट्टे. कारण ट्यूबलाइट. वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण ठोके येतात, १/१०० ला एक. फ्रेमा एकसारख्या उजळतात. फोनने आपल्या मनाने १/६० धरलं होतं. त्यात एक ठोका पूर्ण आणि दुसऱ्याचा तुकडा, म्हणून पट्टे. शटर हाताने ठरवता येणारं अ‍ॅप घातल्यावर पट्टे गेले.

तक्त्यात नवा रकाना: शटर, फोकस, छिद्र आणि व्हाइट बॅलन्स हाताने लावून तसेच ठेवता येतात का? कॅमकॉर्डरवर चारही गोष्टी बाहेरच्या बटणांवर आहेत. मिररलेसवर तीन बटणांवर, चौथी मेन्यूच्या पोटात. फोनवर छिद्र बदलताच येत नाही.

११ जून

ट्रायपॉडचं डोकं उघडून पुसलं, नवं ग्रीस लावलं. अजून अडखळतं.

१२ जून

लांबीची चाचणी. तिन्ही कॅमेरे फोरके, सेकंदाला २५ फ्रेम, सलग जितके चालतील तितके.

मिररलेस ३७ व्या मिनिटाला तापून बंद. पडद्यावर थर्मामीटरचं चित्र पाच मिनिटं आधीपासून लुकलुकत होतं, पण कॅमेऱ्यामागे मी एकटी असताना ते कोण बघणार? पडदा शरीरापासून दूर उघडून ठेवल्यावर दुसऱ्या खेपेला ५२ मिनिटं गेला. कॅमकॉर्डर कार्ड भरेपर्यंत चालला. फोनवर मध्येच कॉल आला. विमान मोड लावायचा राहिला होता, चूक माझी.

जुन्या फोटो कॅमेऱ्यांवर २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा दिसते, तिचं कारण तापणं नव्हतं, सीमाशुल्क होतं. युरोपीय संघाच्या नियमांत सलग ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर वेगळा कर पडायचा. म्हणून एक सेकंद अलीकडे थांबायचं. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याने हे बघून घ्यावं.

कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवून कपाटही टिपलं. मिररलेसच्या फोरके चित्रात उभी पुस्तकं एका अंगाला झुकली, कारण सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळ ओळ वाचला जातो आणि तेवढ्यात कॅमेरा पुढे सरकलेला असतो. कॅमकॉर्डरवर झुकाव थोडा कमी. पण आमचा कॅमेरा टेबलाशी खिळलेलाच राहणार. या दोषाला गुण कापले नाहीत.

१३ जून

आजचा दिवस महत्त्वाचा. फाइली मैत्रिणीच्या लॅपटॉपवर घेतल्या.

कॅमकॉर्डरची फाइल: एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची रीत), ८-बिट, ४:२:० (रंगाचा तपशील किती ठेवला त्याचं माप), १०० एमबीपीएस (दर सेकंदाचा डेटा). टाइमलाइनवर ओढली, थोडी रेंगाळली, पण चालली. मिररलेसची: एच.२६५, १०-बिट, ४:२:२, १५० एमबीपीएस. एक फ्रेम दिसली, पंखा घोंघावायला लागला, मग तीन सेकंदांनी पुढची फ्रेम.

माझी समजूत होती की दीडपट डेटा म्हणजे दीडपट ओझं. तसं नाही. या दोन्ही प्रकारांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं त्याचा हिशेब. मधल्याच एखाद्या फ्रेमवर उडी मारायची तर मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. एच.२६५ मध्ये तो हिशेब जास्त गुंतागुंतीचा, म्हणून फाइल लहान राहते आणि कष्ट उघडणाऱ्याच्या वाट्याला येतात. हे उलगडणं ग्राफिक चिपने उचललं तर निभावतं, पण ४:२:२ १०-बिट एच.२६५ ची सोय पुष्कळ चिपांत नसते. या लॅपटॉपात नाहीच.

उपाय अर्थात प्रॉक्सी: मूळ फाइलीची हलकी प्रत करायची, कापाकापी तिच्यावर, शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलीवरून. केल्या. ४० मिनिटांच्या मिररलेस क्लिपला दोन तास दहा मिनिटं लागली. कॅमकॉर्डरच्या तेवढ्याच क्लिपला २५ मिनिटं. मैत्रिणीने कागदावर गुणाकार केला: मिररलेसच्या तीन तासांच्या एका बैठकीला पावणेदहा तास नुसत्या प्रॉक्सी. "कॅमेरा तू निवडणार आणि रात्रभर जागणार मी," एवढंच म्हणाली.

दोन्ही तक्ते एकत्र केले. कॅमेरा आणि एडिटिंग अशा दोन निवडी वेगळ्या नाहीतच. यापुढे गुण जोडीला.

१५ जून

साठवणुकीचा हिशेब. आधी छत्तीस तासांचे तेरा टीबी आले. घाबरले. तासाभराने चूक सापडली: कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात १०० मेगाबिट होतं, मी मेगाबाइट धरलं होतं. आठाने भागायचं राहिलं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी, छत्तीस तासांना १,६२० जीबी. दोन प्रती हव्याच, म्हणून सव्वातीन टीबी. मिररलेसच्या १५० वर एकेरी प्रतच २,४३० जीबी.

कार्डालाही तोच नियम. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइटची हमी. आम्हाला लागतात १२.५, तेव्हा व्ही३० पुरेसं. त्याहून महाग व्ही९० घ्यायची गरज नाही. ६४ जीबीचं कार्ड तासभर वीस मिनिटं चालेल असं धरायचं.

१७ जून

एडिटिंगची साधनं. प्रीमिअर (अडोबी, १९९१ पासून) वर्गणीचं आहे. वर्गणी थांबली की प्रकल्प उघडायचा रस्ताही थांबतो. हे काम पाच वर्षांनीही उघडता यायला हवं, म्हणून बाजूला ठेवलं. फायनल कट प्रो विंडोज किंवा लिनक्सवर चालत नाही, आमच्याकडे मॅक नाही. विषय संपला.

उरली तीन: दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह, शॉटकट. शेवटची दोन एकाच एमएलटी इंजिनावर चालतात. शॉटकट सुटसुटीत आहे, पण बारा बैठकांच्या क्लिपा वर्गवार लावायला मैत्रिणीला केडेनलाइव्ह सोयीचं वाटलं.

रिझॉल्व्हमध्ये रंगाचं काम फार वरच्या दर्जाचं, यात वाद नाही. दा विंची मुळात रंगसंस्काराचीच यंत्रणा, ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती २००९ मध्ये घेतली. भिंतीचा हिरवट रंग तिथे दोन मिनिटांत काढला, केडेनलाइव्हमध्ये पंधरा लागली. पण मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही, म्हणजे मित्राच्या लॅपटॉपवर प्रत्येक फाइल आधी वळवून कितीतरी मोठी करून घ्यायची. आवाज तोच बसवणार. तीन तासांच्या बैठकीला हे परवडत नाही.

केडेनलाइव्ह दोन्ही लॅपटॉपांवर सारखंच. प्रकल्पाची फाइल साधी एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर असते. मैत्रिणीने ती नोटपॅडमध्ये उघडून एका फोल्डरचं नाव सगळीकडे बदललं आणि प्रकल्प पुन्हा सुरळीत उघडला. हे बघून मित्राने टाळी दिली. मला नाही एवढं वाटलं, पण टाळी दिली.

१८ जून

शीर्षकांची चाचणी. तीन शब्द ठरवले: फर्म्याची, दुसऱ्या, पुठ्ठ्याला. मुद्दाम. पहिल्यात म्या वर रफार, दुसऱ्यात अर्धचंद्री र, तिसऱ्यात ठ्ठ आणि त्याला पुन्हा य जोडलेला. शिवाय 'शिलाई', पहिली वेलांटी कुठे पडते ते बघायला.

एका साधनात (नाव लिहीत नाही) 'शिलाई'ची वेलांटी श च्या पलीकडे जाऊन ल च्या अंगावर बसली आणि पुठ्ठ्याचे पाय मोडके उघडे पडले. फॉन्ट बदलून पाहिला, तेच. त्याच साधनातलं शीर्षकाचं दुसरं, साधं खिडकीवालं रूप वापरलं तर अक्षरं नीट. म्हणजे फॉन्टचा दोष नव्हता, अक्षरं जुळवणाऱ्या भागाचा होता. केडेनलाइव्हच्या शीर्षक खिडकीत चारही शब्द पहिल्या फटक्यात बरोबर आले. प्रीमिअर वापरणाऱ्यांनी टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' वर आहे ना, ते सेटिंगमध्ये बघून घ्यावं.

ही चाचणी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. पाच मिनिटांचं काम, आणि माहितीपत्रकात ते कुठेच सापडत नाही.

२० जून

आवाज. मित्र दिवसभर काकांकडे. हातोडीने पाठ गोल करतानाचे ठोके आणि काकांचं पुटपुटणं एकाच वेळी. ठोक्यांना पातळी लावली तर बोलणं बुडतं, बोलण्याला लावली तर ठोके फाटतात. कॅमकॉर्डरला दोन एक्सएलआर आणि ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला वीज), म्हणून टेबलावर एक माइक, काकांच्या सदऱ्याला एक, दोन वेगळ्या वाटांवर. मिररलेसवर ३.५ मिलिमीटरचं एकच छिद्र. तिथे वेगळा रेकॉर्डर लागेल.

वेगळा रेकॉर्डरही करून पाहिला. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला टाळी, तासाने पुन्हा टाळी. पहिली जुळवली तर दुसरी तीन फ्रेम सरकलेली. २५ फ्रेमच्या हिशेबाने १२० मिलिसेकंद, ओठ आणि शब्द सुटे दिसायला पुरेसे. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी, दुसरं काही नाही. दर बैठकीला हे ताणून बसवता येतं, पण का करायचं?

फोनचं दुखणं निराळं. त्याची फ्रेमगती बदलती असते: अंधार झाला की तो फ्रेमा विरळ करतो. माहिती पाहिली तर एकाच क्लिपमध्ये २४ च्या खालीपासून ३० पर्यंत. अशी क्लिप टाकताच केडेनलाइव्ह इशारा देतं आणि वळवून घ्यायचं विचारतं. मैत्रिणीने तो इशारा पहिल्यांदा वाचताच बंद केला होता. चाळिसाव्या मिनिटाला काकांचा आवाज ओठांच्या पुढे पळत होता.

२३ जून

रंगीत तालीम. एकच कृती, पुस्तकाच्या पाठीला खळ लावून जाळीचं कापड चिकटवणं, २० मिनिटं. दोन जोड्या: मिररलेस आणि रिझॉल्व्ह विंडोजवर, कॅमकॉर्डर आणि केडेनलाइव्ह दोन्ही लॅपटॉपांवर. कार्ड काढल्यापासून चार मिनिटांची शीर्षकांसह फीत हाती येईपर्यंत घड्याळ लावलं.

पहिली जोडी: साडेसहा तास. दुसरी: तीन तास दहा मिनिटं.

दोन्ही फिती काकांना दाखवल्या. कुठली कशाने केली ते सांगितलं नाही. पहिली बघताना म्हणाले, "छान आहे, सिनेमासारखं." दुसरी बघताना पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "इथे मी खळ जास्त लावलीय बघ, कड भिजली." पहिल्या फितीतही ती कड भिजलेलीच होती. पण तिथे ती धूसर होती.

२४ जून

ठरलं. कॅमकॉर्डर, फोरके २५ फ्रेम, एच.२६४ १०० एमबीपीएस, लॉग (नंतर रंग चढवायला मुद्दाम फिकट टिपलेलं चित्र) नाही. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या. त्यात लॉगचं सपाट चित्र ताणलं की फिकट भिंतीवर पट्ट्या उमटतात, चाचणीत उमटल्या. संकलन केडेनलाइव्हवर, प्रॉक्सी लावून. फोन फक्त वरून खाली बघणाऱ्या दुसऱ्या कोनासाठी, गती आधी एकसारखी करून.

तोटे लिहून ठेवते, नंतर कुरकुर नको. कॅमकॉर्डर कमी उजेडात १२ डेसिबलच्या वर गेनला (कॅमेऱ्याने आतून वाढवलेल्या उजळपणाला) खरखरीत होतो, म्हणून टेबलावर एलईडी पॅनेल लागणार. शेवटच्या तासाभराच्या फिल्मला रंगाचं काम कमी पडेल. तेव्हा तेवढ्यापुरतं विंडोजवर रिझॉल्व्ह उघडू. आणि मिररलेसचा पहिल्या दहा मिनिटांतला तो दोऱ्याचा पीळ मला अजून आठवतो. एक दिवस तो परत भाड्याने आणून नुसते क्लोजअप घ्यायची परवानगी मी दोघांकडून मिळवली आहे. मैत्रिणीची अट: वीस मिनिटांच्या वर एक सेकंद नाही.

तक्ते पुसले नाहीत. जुन्या गुणांप्रमाणे अजूनही मिररलेसच जिंकतो.

२ जुलै

पहिली खरी बैठक. पॅनेल डावीकडून, शटर १/५०, छिद्र एफ/४, गेन ६. माइक दोन्ही चालू, टाळीची गरज नाही तरी सवयीने दिली. कार्ड १अ: ७८ मिनिटं. कार्ड १ब: ६९ मिनिटं. बदलताना दीड मिनिट गेलं, तेवढ्यात काकांनी एक फर्मा शिवून टाकला. पुढच्या वेळी कार्ड बदलायच्या आधी त्यांना सांगायचं.

प्रत एक मैत्रिणीच्या डिस्कवर, ९ वाजून २० मिनिटांनी पूर्ण. प्रत दोन मित्राकडे चालू आहे. ती होईपर्यंत कार्ड पुसू नये. दोन्हींवर लाल चिकटपट्टी लावली आहे.